चौथा निवद

माझ्या नवऱ्यानं दुसरं बिऱ्हाड केलं होतं, असं मी दहा वर्षं धरून चालले होते.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. आता खोटं कशाला लिहू.

नव्वदच्या आसपास मिल्ट्रीतनं पेन्शनीत आले. त्याआधी म्हाळाला कधी सुट्टीच मिळायची नाही. त्या वर्षी पहिल्यांदा घरी.

पितृपंधरवड्यात आमच्यात तीन निवद. सासरे, सासूबाई, थोरले दीर. मी वाढून दिले, ह्यांनी परड्यातल्या भिंतीवर नेऊन ठेवले.

बघते तर चार.

चौथा ह्यांनीच वाढून घेतलेला, आणि त्याच्याजवळ पाण्याचा पेला. बापाला पाणी नाही, आईला नाही. ह्या चौथ्यालाच.

"कुणाचा ह्यो?"

"हाय एकाचा."

"एकाचा का एकीचा?"

"तू वडं तळ."

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

ते रानात गेल्यावर ट्रंक उचकटली. युनिफॉर्म, एक मेडल, पाण्याची हिरवी बाटली. बाईचा फोटो कुठंच नाही. म्हणजे हुशारीनं लपवलाय, असं मी समजले.

जाऊबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तिकडच्या बायका लई गोऱ्या असत्यात म्हणं."

तिला सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं.

दरवर्षी त्या मेलेल्या गोरीला मी खीर-वडे वाढत आले. तिच्या आमटीत मीठ मुद्दाम जास्त.

कारगिल झालं, त्याच्या पुढच्या यात्रेत गावात लढाईचं नाटक बसवलं. लिहिलं शाळेतल्या मास्तरांनी. ते ह्यांच्याकडं आले.

"आबा, जवानाचं काम तुम्हीच करायचं. नुसतं उभं राहिला तरी टाळ्या पडतील."

एकाहत्तरच्या लढाईवर ह्या माणसानं घरात कधी एक शब्द काढला नव्हता. पोरांनी विचारलं की म्हशीला वैरण टाकायला उठायचे.

आणि लगेच म्हणाले, "करतो."

मला संशय आलाच. न बोलणारा माणूस माइकपुढं कशाला जातोय?

नाटकाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले. दुश्मन झाला होता कपडे शिवणारा रंगा. त्याला गोळी लागते, तो "पानी, पानी" करतो. मग जवानानं त्याच्या छातीवर पाय द्यायचा, हसायचं आणि भाषण ठोकायचं. असं लिहिलेलं. तालमीत ह्यांनी तसंच केलं होतं म्हणे.

गोळी वाजली. रंगा पडला. "पानी, पानी."

ह्यांनी पाय दिला नाही. गुडघ्यावर बसले. ट्रंकेतली ती हिरवी बाटली काढली, रंगाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला पाणी पाजलं.

"गाव कंचं तुझं, बाबा?"

रंगाला पुढं काय बोलायचं ते ठाऊक नाही. म्हणाला, "ह्येच की, आबा."

पब्लिक हसलं. हे नाही हसले.

"तवा दिलं न्हाय," म्हणाले. "हुतं माज्याकडं. दिलं न्हाय."

माइकमधनं सगळ्या गावानं ऐकलं.

मागनं कोणतरी ओरडलं, "पेन्शन कुणाची खातोस, आणि पाणी कुणाला पाजतोस?" एक चप्पल आली. ह्यांच्या खांद्याला लागली. मास्तरांनी पडदा पाडला.

घरी आल्यावर मी चहा ठेवला आणि विचारलं.

"चौथा निवद त्याचाच व्हय?"

"व्हय."

"तुमीच मारलासा?"

"मग काय मास्तरनं?"

"लढाईत मारत्यातच की. त्यात काय?"

"मारल्याचं न्हाय गं. येळ लागला त्याला. शेजारीच पडला हुता. बाटली भरल्याली हुती. मलाच लागंल पुढं, म्हणून झाकण धरून बसलो." बशी तशीच हातात. "नाव बी इचारलं न्हाय."

खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. बाई नव्हती.

मग वाटलं, बाईच असती तर चाललं असतं. सवतीला निदान शिव्या घालता येतात. ह्याला काय करायचं?

पुढच्या म्हाळापासनं मीठ बेताचं टाकलं. एवढंच.

मास्तरांच्या नाटकातला जवान मारतो आणि भाषण करतो. तो घरी येऊन वीस-पंचवीस वर्षं काय करतो, ते मास्तरांनी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर तिकीट कुणी काढलं असतं?

गेल्या वर्षी हे गेले. दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. पोरगा म्हणाला, रान विकत नाही. लेक म्हणाली, आईला बघते. कावळा झाडावर बसून नुसता बघतोय.

मी म्हणाले, "त्याचा निवद चुकणार न्हाय. पाणी बी."

आला.

कावळ्याचं मला काय खरं वाटत नाही. भूक लागली असंल.

आज चौकात मंडळानं डिजिटल बोर्ड लावलाय. "गावचा वाघ, भावपूर्ण श्रद्धांजली." ह्यांचा फोटो लहान, मंडळवाल्यांचे मोठे. मी एकेकाचं तोंड नीट बघून आले. ती चप्पल ह्यातल्याच कुणाची तरी. गावात बूट कमीच होते तेव्हा.

त्यांची श्रद्धांजली त्यांच्यापाशी.

अवो, मी परड्यात दोन निवद ठेवलेत. एक तुमचा, एक त्याचा. नाव-गाव आता तिकडंच विचारून घ्या.

तांब्या भरलेला आहे.

आधी त्याला द्या.