काहिलीत बसलेला बोटवाला

मालक वारले तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. तेराव्याला जेवायला आलेल्या माणसांनी त्यांच्या नौदलातल्या इतक्या गोष्टी सांगितल्या की मी बघतच राहिले. कोणी म्हणे त्यांनी शत्रूची बोट बुडवली, कोणी म्हणे ते कप्तान होते. तसलं काही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पाच वर्षं त्यांनी बोटीवर दोर ओढले, रंग लावला आणि डेक धुतला. बाकी सगळा जन्म शेती केली. मी चौथी शिकलेली आहे. मला दिसलं तेवढंच लिहिते, आणि जे दिसलं ते काही कमी नव्हतं.

दुधना नदीच्या अलीकडे माझं माहेर, पलीकडे त्यांचं गाव. सतरा-अठरा वर्षांचे असताना ते कापसाची गाडी घेऊन परतूरला गेले, गाडीबैल चुलत्याच्या हवाली केले आणि रेल्वेत बसले. आधी मुंबई, मग नौदलात भरती. घरी पहिलं पत्र दीड वर्षाने आलं. तोवर त्यांच्या आईने नवस बोलून बोलून गावातले देव संपवले होते.

लढाई संपल्यावर ते परत आले. सोबत एक लोखंडी पेटी, एक जाड कांबळं आणि दंडावर बोटीचा नांगर गोंदलेला. लोक दंड धरून बघायचे आणि विचारायचे, "ह्या नांगराला फाळ कुठं है?" ते रोज दाढी करायचे, त्याचंही हसू व्हायचं. दोन्ही गावांनी नाव ठेवलं बोटवाला. तेव्हा तो माझा कोणी नव्हता, म्हणून पुढे मी 'तो'च लिहिते.

त्याच्या मामाने माझ्यासाठी मागणी घातली. मी सोळा वर्षांची, त्या वेळच्या मानाने घोडीच. वडील म्हणाले, "बोटवाला वावरात टिकत न्हाई. चार महिन्यांत पुन्हा रेल्वेत बसतो का न्हाई बघा." पण त्यांनी नकारही दिला नाही. दुसरं स्थळ बिजवराचं होतं. माणूस चाळिशीचा, बायको वारलेली, दोन लेकरं, त्यातली थोरली पोरगी दहा वर्षांची. जमीन मात्र तीस एकर, काळीभोर. वडिलांनी दोघांनाही एकच निरोप धाडला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी या. बोटवाल्याने आधी विचारलंय, तो दिवस मावळायच्या आत आला तर आधी त्याच्याशी बोलणं. नाही आला तर सुपारी बिजवराची फुटणार.

मला बोटवाला आवडला होता असं कोणी समजू नये. मी त्याला एकदाच बाजारात लांबून पाहिलं होतं. पण मला सोळाव्या वर्षी दहा वर्षांच्या पोरीची आई व्हायचं नव्हतं. शिवाय बोटवाल्याच्या दारात विहीर होती. बिजवराकडे अर्ध्या कोसावरून पाणी आणावं लागायचं. मी सगळी चौकशी केली होती.

दसरा झाला आणि परतीचा पाऊस असा लागला की चुलीला वाळकं लाकूड मिळेना. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं, पण दुधना दोन्ही थड्या भरून वाहत होती. बिजवर आमच्याच बाजूचा, कुंभार पिंपळगावकडचा. तो चिखलातून गाडी हाकत आला, पाय धुतले, जेवला आणि ओसरीवर पान लावत बसला. आई मला म्हणाली, "आता गप बस. नदीच आडवी आली, त्याला कोण काय करणार?"

दिवस कलला तेव्हा शेजारचे आजोबा धापा टाकत आले. "चला जल्दी. बोटवाला काहिलीत बसला."

काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची मोठी पसरट कढई. पुरात आमच्याकडे तीच नाव. पलीकडच्या गावात ती चालवणारा एकच भोई होता आणि तो तापाने पडला होता. मी घागर उचलली, पाण्याला निघाल्यासारखं केलं आणि नदीकडे पळत सुटले. पुराचं गढूळ पाणी भरायला कोणी जात नाही, हे आईच्या लक्षात येईपर्यंत मी वेशीबाहेर होते.

अख्खं गाव थडीला. पलीकडे त्याची आई मांडीवर नारळ घेऊन चिखलात बसलेली, शेजारी मामा. बोटवाला आधी एकटाच काहील चालवून बघत होता. हातात लांब वल्हं. डावीकडून पाणी मारलं की काहील गरकन एका अंगाला फिरायची, उजवीकडून मारलं की उलटी फिरायची. काहिलीला ना पुढा ना पाठ. त्याचं तोंड दिसायचं, मग पाठ, मग पुन्हा तोंड.

"दळायला बसलास का रं?" आमच्या थडीवरून कोणी ओरडलं.

"असाच जात राह्यला तर सांच्याला परभणी येईल."

वडील पोट धरून हसत होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "ह्यानं म्हणे समुद्र पार केला," ते म्हणाले. बिजवर काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. "हसू नका हो," तो म्हणाला, "पोरगं बुडंल." माणूस वाईट नव्हता. त्याचा मला आणखीच राग आला.

काहील फिरत फिरत खाली गेली आणि त्यांच्याच थडीच्या बाभळीत अडकली. बोटवाला काट्यांतून बाहेर आला आणि मान खाली घालून गावाकडे चालता झाला. वडील म्हणाले, "झालं. चला घरी." सूर्य दोन हात वर होता.

"चल गं," चुलती म्हणाली, "काय बघून राह्यली?"

"पाणी," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.

तेवढ्यात पलीकडून माणसं आली, खांद्यावर नाडे घेऊन. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर. पावसाळ्यात मोट बंद असते, नाडे घरोघर खुंटीला असतात. बोटवाल्याने मिळतील तितके सगळे गोळा केले होते. चिखलात बसून तो एकाला एक जोडत होता, आणि प्रत्येक गाठ दोन गड्यांकडून ओढून बघत होता. आमच्या थडीवरचं हसणं हळूहळू थांबलं. वडीलही परत फिरले.

मग त्याने नाड्याच्या टोकाला बारीक चऱ्हाट बांधलं, चऱ्हाटाचं दुसरं टोक कमरेला गुंडाळलं, एक वावरभर वरच्या अंगाला गेला आणि उडी मारली. तो धारेला भिडलाच नाही. धार नेईल तसा जात होता आणि तिरपा तिरपा आमच्याकडे सरकत होता. दोनदा डोकं दिसेनासं झालं. मी घागर इतकी आवळून धरली होती की काठाचा वळ बोटांवर दोन दिवस राहिला.

तो आमच्या घाटाला लागला. अंगावर लंगोट, पाठीवर बाभळीचे ओरखडे, ओठ निळे. "ओढा," तो म्हणाला, "जल्दी. नाडा भिजला की जड होतो."

कोणी हलेना. सगळे वडिलांकडे बघत होते. नाडा ओढणं म्हणजे बाजू घेणं, आणि बिजवर पाहुणा म्हणून तिथेच उभा. मी घागर खाली ठेवली आणि चऱ्हाट धरलं.

"अगं, लाज वाटू दे जरा," चुलती म्हणाली.

"मंग वाटू दे. आधी ओढ."

आणि चुलतीने खरंच ओढलं. तिच्यामागे शेजारचे आजोबा, मग दहा-बारा माणसं, आणि शेवटी बिजवरानेही काठी टाकून हात लावला. नाडा पाण्यातून अजगरासारखा आला. बोटवाल्याने तो करंजाच्या खोडाला बांधला. वडिलांनी गाठीवर पाय दिला, मग नाड्याला लोंबकळून पाहिलं.

"सुटंल ही."

"न्हाई सुटणार, मामा. ह्या गाठीनं बोट बांधलेली है."

"मामा कुणाला म्हणतो रे? अजून सुपारी फुटायची है."

पलीकडच्या गड्यांनी नाड्याचं त्यांच्याकडचं टोक झाडाला बांधलं, बाभळीतली काहील सोडवून दोराच्या फासाने नाड्यात अडकवली आणि त्याचा मामा हातावर हात टाकत ती ओढत निघाला. आत त्याची आई डोळे गच्च मिटून बसलेली. मधोमध काहील कलली, पाणी आत आलं आणि नारळ तरंगायला लागला. म्हातारीने डोळे न उघडता तो चाचपून धरला. सूर्य टेकायला हातभर राहिला असताना ती आमच्या थडीला उतरली. आधी ओकली, मग नारळ पुढे केला.

वडिलांनी नारळ घेतला नाही. ते बोटवाल्याला म्हणाले, "खरं सांग. बोटीवर परत जाणार का?"

"न्हाई, मामा."

"कशावरून?"

"बोट रोज धुवावी लागते. वावर धुवावं लागत न्हाई."

वडिलांनी नारळ घेतला. बिजवर करंजापाशी गेला आणि बोटवाल्याला म्हणाला, "ती गाठ मला दाखव. माझ्या मोटेचा नाडा सारखा सुटतो." बोटवाल्याने तिथेच, ओल्या लंगोटावर, त्याला तीनदा गाठ मारून दाखवली. बिजवर गाडी जुंपून गेला. त्याच साली त्याचंही लग्न झालं.

पुढच्याच पावसाळ्यात निजामाचं राज्य गेलं. त्याआधीच्या रझाकारांच्या भीतीच्या दिवसांत माझ्या माहेरच्या बाजूची बायकापोरं, म्हातारी माणसं, शेळ्यासुद्धा त्याच नाड्याला धरून पलीकडे गेली. प्रत्येक खेपेला मालक स्वतः गाठ तपासायचे. त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं त्यांनी वावर सोडलं नाही. वासरू, बाज, पाळणा, कणगीचं झाकण, सगळं त्याच गाठीने बांधायचे. समुद्राचं नाव काढलं की म्हणायचे, लय ऊन असतं तिथं.

दोघंही म्हातारे झाल्यावर एकदा मी विचारलं, "काहील चालवता येत न्हवती तर बसलात कशाला?"

"सगळं गाव म्हणालं, तू बोटीवर होतास, तुला काहील म्हणजे काय. न्हाई म्हणायची लाज वाटली."

"बोटीवर वल्हं कोण मारायचं मंग?"

"बोटीला इंजिन होतं."

"आणि मंग उडी मारायला कशाला परत आलात?"

"बाभळीतून निघताना एक पोरगी दिसली, रिकामी घागर घेऊन. म्हणलं, ही काही पाण्यासाठी आली न्हाई."

"पाण्यासाठीच आल्ते," मी म्हणाले. "तुमच्या विहिरीच्या."

मालक खोकला येईपर्यंत हसले. मी उठून त्यांना पाणी दिलं.