भिजलेल्या झावळ्या आणि ‘येतो’

१४ नोव्हेंबर २००३, शुक्रवार, संध्याकाळी पावणेसात. पुण्याहून मुलीचा फोन आला तेव्हा तंजावुरात सकाळपासूनचा पाऊस थांबला नव्हता.

घरातला फोन नवा, बिनतारी होता. फोनच्या लहरी पाठवणारा मनोरा आणि माझे घर यांच्यामध्ये नारळांची बाग होती. पाऊस स्वतः त्या लहरींना फारसा अडवत नाही. भिजलेल्या झावळ्या अडवतात. त्यातून संध्याकाळी सारे गाव एकदम फोनवर बोलू लागले की लहरींचा गोंगाट वाढतो आणि मनोऱ्याची पोहोच आखडते. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी सारी हयात गेली, म्हणून हे ठाऊक होते. कोरड्या दुपारी फोन कर, असे मुलीला बजावलेही होते. दुपारी तिची कचेरी असे.

‘‘अप्पा, आता एकटे राहू नका. इकडेच या कायमचे. येता ना?’’

‘‘नाही. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध याच घरात व्हायचे आहे.’’

आवाज तुटू लागला. मी ‘‘येतो’’ म्हणून फोन ठेवला.

निरोप घेताना आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. पत्नीला फोनवरचे ‘ठेवतो’देखील अशुभ वाटे, म्हणून तिथेही ‘येतो’ म्हणायची सवय लागली होती. माझे उत्तर झावळ्यांत गळाले आणि तेवढा एकच शब्द पुण्याला पोहोचला.

थोड्या वेळाने पुन्हा घंटी वाजली. ‘‘ऐकू आलं हं अप्पा! ‘येतो’ म्हणालात! हे तर तिकीट काढायला निघालेसुद्धा—’’ पुढे खरखर. मी दोनदा ‘नाही’ म्हणालो. ऐकायला पलीकडे कोणी नव्हते.

छत्री घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. तिथला फोन तारेचा होता.

‘‘मी येणार नाही.’’

‘‘मग ‘येतो’ कशाला म्हणालात?’’

‘‘ते निरोपाचे होते.’’

‘‘अगोबाई! इथे तुमच्या नातीनं पलंग कुठे मांडायचा ते ठरवलं!’’ ती हसली. मग म्हणाली, ‘‘श्राद्ध झाल्यावर तरी?’’

‘‘नाही.’’

ती गप्प झाली. तिच्यामागे ताटे मांडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. त्या गप्प बसण्याचा दोष पावसावर टाकता येत नव्हता.

‘‘गोळ्या वेळेवर घ्या,’’ ती अखेर म्हणाली.

‘‘ठेवतो,’’ मी म्हणालो.

घरी येऊन एका माणसापुरता भात लावला.