बानूबाईचा भंडारा

आणे पठारावरच्या आमच्या वाडीत बानूबाईकडून सुई उसनी मिळायची, शब्द मिळायचा नाही. लग्नात राघूला होकारसुद्धा तिनं तिसऱ्या खेपेला दिला, असं राघूच सांगतो. तरी सावळेरामभाऊ पहिल्यांदा आमदारकीला उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी ही बाई दारोदार शब्द देत फिरली. कारण त्यानं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेतली होती, "गायरान कंपन्यांना देणारा कायदा आला, तर मी विरोधात मत देणार."

तो निवडून आला. कायदाही आला आणि मंजूर झाला. मेंढरं चारायचं रान कुंपणात गेलं.

भाऊनं मत कुठं टाकलं? नारायणगावच्या बाजारात कळलं, मतदान आवाजी झालं. कायद्याच्या बाजूचे 'होय' ओरडले, विरोधातले 'नाही'. नाव कुणाचंच लिहिलं नाही. मग काय, पाणवठ्यावर बायांना विषय मिळाला.

"बानू, तुझ्या आमदाराचा आवाज आला का गं इथवर?"

पाच वर्षं ऐकलं तिनं. पुढच्या निवडणुकीची जीप वाडीत शिरली, तेव्हा ती देवळापुढं भंडाऱ्याचं ताट घेऊन बसली होती. वाडीला आधीच सांगून ठेवलेलं, "त्यानं उचलला तर पुन्हा फिरंन. न्हाईतर माझा शब्द माघारी."

"भाऊ, तवा 'नाही' म्हणालात का?"

"म्हणालो की, आक्का."

"मग उचला."

ड्रायव्हरनं कर्णा आपणहून बंद केला. राघू कुजबुजला, "अगं, पावणं हायती." तिनं ताट हलवलं नाही. भाऊचा हात ताटावर आला, बोटं पिवळ्याला टेकली. आम्ही सगळे त्या बोटांकडं बघत होतो. आमच्यातले निम्मे देवाला भिऊन, निम्मे मजा बघायला. मी कशात, ते विचारू नका.

हात मागं गेला.

"आक्का, मी त्या वक्ताला बाहेर चहा पीत व्हतो."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बानूबाई हसली नाही. चिमूटभर भंडारा तिनं त्याच्या कपाळाला लावला.

"पावणं हाय, मोकळ्या कपाळानं धाडायचं न्हाई. माझा शब्द माघारी घेतला. ज्यानं त्यानं आपलं मत बघावं."

तो पठारावर मागं पडला, पण खालच्या गावांच्या मतांवर निवडून आला. कुणाला मत दिलंस, म्हणून मी बानूबाईला पुष्कळ छेडलं.

"त्याचं पाच वर्षं कुणाला कळलं न्हाई," ती म्हणाली, "माझं तुला कशाला कळू?"