आबांनी आवळलेली पुली

आमचे वडील, आबा गेल्यापासून ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभाच होता. आज मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा त्याची आट्यांवर फिरवून बसवलेली पट्ट्याची पुली सोडवायला बसलो. आट्यांत डिझेल मुरवलं, कडेने हातोडीने ठोकलं, शेवटी पान्याला पाइप अडकवून दोघं त्यावर लोंबकळलो. ती हलेना.

"आबांचा हात," अण्णा एवढंच म्हणाला.

आबा काहीही आवळायचे ते असंच. नळाची तोटी, गोणीची गाठ, लोणच्याच्या बरणीचं झाकण. आई वैतागायची आणि झाकण उघडायला पुन्हा त्यांनाच हाक मारायची. माणूस जातो, त्याचा आवाजही हळूहळू आठवेनासा होतो, पण हाताचा जोर असा लोखंडात तसाच धरून राहतो.

दुपारी पुली कुरकुरली आणि सुटली. मग ती बोटानेही फिरू लागली. अण्णा ती मांडीवर घेऊन उगाच फिरवत बसला. आनंद कुणालाच झाला नाही.

आई ओट्यावरून बघत होती. आत जाता जाता म्हणाली, "फडताळातल्या बरणीला तेवढा हात लावू नका."

आबा गेल्यापासून आमच्या ताटात लोणचं का नसतं, ते मला तेव्हा कळलं.