शीतदीप्ती

ही हकीकत सांगायचे मी वर्षानुवर्षे टाळले. ज्यांना आधी सांगायला हवी होती, त्या बाई आता नाहीत.

काहीही उजळलेले दिसले की बाई आधी त्याला हाताची मागची बाजू लावून बघत. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तशी. माझ्या घड्याळाचे हिरवे काटे, स्टुलावर चढून ट्यूबलाइट, ऑफिसात नव्याने आलेल्या कॉम्प्युटरचा पडदा. "चटका नाही ना? मग नोंदवा."

सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकासाठी आम्ही शाळकरी मुलांचा विज्ञानकोश करत होतो. मी संपादक, बाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. वस्तू न तापता जो उजेड देते, त्याला त्यांनी 'शीतदीप्ती' शब्द घडवला. प्रत्येक शब्दाचे एक कार्ड असे; त्यावर अर्थ, खाली वापर: 'काजव्याची शीतदीप्ती ओंजळीत धरता येते.' हे वाक्य लिहिण्याआधी त्या लोणी काळभोरला भाचीच्या शेतावर जाऊन काजवा धरून आल्या होत्या.

"एका शब्दासाठी एवढं?" मी विचारले.

"घरी दुसरं कोण आहे? याच्याशीच बोलते. उलट उत्तर देत नाही."

तेव्हा हिंजवडीला कंपन्या येऊ लागल्या होत्या. प्रकाशक म्हणाले, "पोरांना तिकडे नोकऱ्या करायच्यात. इंग्रजी 'ल्युमिनेसन्स'च ठेवा. चालतं."

"चालतं म्हणून चपला देवघरात नेता का?" बाई म्हणाल्या.

प्रकाशक हसले नाहीत. म्हणून मीही हसलो नाही.

वादाचा शब्द कोशाच्या समितीपुढे मताला टाकायचा, शब्द सुचवणाऱ्याने त्या बैठकीला यायचे नाही, असा आमचा नियम होता. मी बैठक बोलावलीच नाही. कार्डावर काट मारली आणि बाईंना सांगितले, "बहुमत विरुद्ध गेलं."

"माझ्या बाजूने कोणी होतं?"

"कोणीच नाही."

त्यांनी पिशवी उचलली. पुन्हा आल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी कळले, त्या भाचीकडे अंथरुणाला खिळल्या आहेत. ते कार्ड खिशात घालून मी लोणीला गेलो. "जागीच हाय मावशी, बसा," म्हणून भाची चहा टाकायला गेली.

बाईंनी हाताची मागची बाजू माझ्या हाताला लावली. "गार आहे." मग हळूच विचारले, "एकही मत नव्हतं ना हो?"

"नव्हतं," मी म्हणालो, आणि चहा पिऊन परत आलो.

बाई, बैठक झालीच नव्हती. तुमच्या बाजूने एक मत होतं, माझं. ते मी दिलं नाही. मला क्षमा करा.