पिवळा घोयरा

तेरा-चौदा वर्षांची असेन. पालीच्या वर, राजगडाच्या पायथ्याच्या वाडीत नुकती नांदायला आले होते. अंगात काम करायची हौस फार, अक्कल तेवढी माहेरी विसरून आले होते.

चैत्र होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ती जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्या राबासाठी जाळी तोडताना माझ्या कोयत्याखाली घोयरा आला. घोयरा म्हणजे झाडावरचा तो चपटा हिरवा सरडा; त्याचा एक डोळा पुढं बघतो तेव्हा दुसरा मागं. मागचा एक पाय तुटून लोंबत होता. तो फुगला, फुसफुसला आणि बघता बघता काळाठिक्कर पडला. शहाणी बाई कोयता टाकून पळाली असती. मी त्याला पदरात घेतला.

घरी त्याच दिवशी जाऊबाई बाळंत झाली होती. तिच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी देण्याचं काम माझ्याकडं होतं. ऊब बरी म्हणून मी घोयऱ्याला तिथंच, गोवऱ्यांच्या ढिगामागं दुरडीखाली ठेवला. नाकतोडे धरून घालायची. जखमेला हळद लावायची, ती बाळंतिणीच्या गाडग्यातली. त्या हळदीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून चोरून घेतली, आणि चोरायचीच तर थोडी कशाला, म्हणून शेपटापासून डोक्यापर्यंत सगळा माखला.

तिसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं. डोळेसुद्धा पिवळे. अंगावर ओढेना, नुसतं निजून राही. जाऊबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोवरी घ्यायला वाकल्या आणि दुरडी सरकली.

"हे कुनी आणलं?"

"म्या."

"कवा?"

"पोर झालं त्या दिशी."

त्यांनी घोयऱ्याकडं पाहिलं, मग पोराकडं. आवाज अजिबात चढवला नाही, त्याचीच भीती वाटली.

"आपला रंग पोराला दिलाय त्यानं. उद्या राब पेटवायचाय. तूच आणलास, तूच टाक. ह्यो जळला म्हंजी रंग उतरंल. न्हाई उतरला, तर तुला माहेरी घालवते."

आत्याबाई, ती हळद हाय. चार शब्द होते. तोंड उघडलं असतं तर चोरी उघडी पडली असती. शिवाय खरं सांगते, रात्रंदिवस घोयऱ्याच्या त्या पिवळ्या अंगाकडं बघून माझाही त्यांच्यावर विश्वास बसला होता. हळद मीच लावली होती तरी!

सकाळी खाचरात धूर उठला. आत्याबाई पल्याडच्या बांधावर उभ्या. मी दुरडी घेऊन निघाले आणि ऐनाच्या झाडाआड थांबले. घोयऱ्याला फांदीवर सोडला. त्या मेल्याला घाई ठाऊकच नव्हती. एक पाय उचलायचा, झुलायचा, पुन्हा खाली ठेवायचा.

"कुठं राह्यलीस गं?"

"आले, आत्याबाई."

दुरडीत गवत कोंबलं आणि ती आगीत फेकली. दुरडीच्या बांबूचं पेर फाटकन फुटलं.

"फुटला," आत्याबाई म्हणाल्या आणि हात जोडले.

मग मी पोराकडं बघत बसले. ते गेलं असतं तर ते मीच मारलं, असं मनाशी धरलं होतं. आणखी तीन दिवस ते तसंच पिवळं. चौथ्या दिवशी डोळे जरा पांढरे दिसले, आणि संध्याकाळी त्यानं अशी ओढ घेतली की जाऊबाई कळवळली. कळवळताना हसलीसुद्धा.

आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोरीच्या हाताला गुण हाय," असं पाणवठ्यावर चार बायांना सांगून आल्या. मी मान खाली घालून लाजले. काय लाजले होते!

पुढच्या साली शेजारच्या घरात मूल पिवळं पडलं. त्या घरची म्हातारी आमच्या दारात आली. तिच्या दुरडीवर फडकं बांधलेलं होतं, आणि आत काहीतरी फुसफुसत होतं.

"तुझ्या हातानं टाक बाई," ती म्हणाली. "आमी दोन धरल्यात."

मला अजूनही खरं सांगता आलं असतं. आत्याबाई माझ्या मागंच उभ्या होत्या. मी दुरडी हातात घेतली.