माईंची शेवटची झालर

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी डाळींच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवत होते. "काकू, माई गेली," तो म्हणाला. "चुलीपाशी बसली, चहा ठेवला, अन् मागं भिंतीले टेकली… बस." मी "बरं" म्हटलं, हातातली चिठ्ठी डब्यावर नीट चिकटवली आणि मग खाली बसले. नंतर पाहिलं तर तुरीच्या डब्यावर मसूर लागलं होतं. ते मी अजून बदललेलं नाही.

ईशा, नील, तुम्ही दोघं नातवंडं तिकडे सिडनीत. माईंना तुम्ही एकदाच भेटलात, म्हणून हे लिहून ठेवते आहे. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. माई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, प्रकाशची आई. आमचं सासर मूळचं विदर्भातलं, रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आलेलं. माझा संसार तिथल्या गुढियारी भागात झाला, मालगाड्यांच्या आवाजात. थोरल्या दिरांनी शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी धरली आणि त्यापलीकडच्या खेड्यात दोन एकर धानाची शेती घेतली. ती शेती केली मात्र माईंनी, दीर गेल्यानंतरसुद्धा.

त्यांचं देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा आणि एक दिवा. पण दिवसभर त्यांचं कुणाशी तरी पुटपुटणं चालू असायचं. हापशीचं पाणी प्यायल्या की दांड्याला हात लावायच्या. बसमधून उतरल्या की तिच्या धुळकट पत्र्यावर थाप मारायच्या, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मला प्रत्येक गोष्टीचा रकाना लागतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या माझ्याकडे पंधरा दिवस राहिल्या, तेव्हा त्यांचं पुटपुटणं टिपायला मी वही घेऊन बसले. दुपारपर्यंत त्यांनी नळाचे, डोळ्यांतल्या थेंबांचे, शेजारच्या कुकरच्या शिट्टीचे आणि पंखा पुसून देणाऱ्या मोलकरणीचे आभार मानले होते. शेवटी न राहवून मी विचारलं, "माई, हे नेमकं कोणत्या देवाला म्हणता?"

"मले काय मालूम."

"अहो, मग पोहोचणार कुणाला?"

"तू पोस्टात होती का वं, शालू? पत्ता काहून पाहिजे तुले?" आणि माझ्या वहीकडे डोळे बारीक करून म्हणाल्या, "लिहून काय होते? उद्या पुन्हा म्हणावंच लागते नं."

त्याच मुक्कामात माझी चोरी पकडली गेली. इकडे छत्तीसगढमध्ये कापणी झाली की धानाच्या लोंब्यांची झालर गुंफून दाराला टांगतात. माईंनी ती पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या गल्लीतल्या, बायकांकडून शिकून घेतली होती, आणि आदल्या अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, एक माझ्यासाठी पाठवली होती. मला ती इतकी देखणी वाटली की गोल बाजारातून वॉर्निश आणून मी तिला दोन हात दिले आणि बैठकीत टांगली. येणारे-जाणारे वाखाणत. माईंनी डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर ती पाहिली, हात लावला.

"हे चिकट काहून लागून राहिलं?"

"वॉर्निश केलंय माई. दहा वर्षं टिकेल."

त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला डॉक्टरांची सूचना आठवून भीती वाटली. "दहा वर्षं चिमण्याइले उपाशी ठेवतं का वं, बाई!"

मलाही थोडा राग आला. म्हटलं, इथल्या चिमण्यांना कसली उपासमार? समोर धान्याची गोदामं आहेत, रस्ताभर दाणे असतात.

"ते सांडलेलं हाये," माई म्हणाल्या. "हे देलेलं."

संध्याकाळी पाहते तर गॅलरीत बसून, नव्या डोळ्यांनी, त्या एकेक दाणा नखानं सोलत होत्या. "आतला तांदूळ चांगला हाये," म्हणाल्या, मला धीर द्यावा तशा. सोललेले दाणे त्यांनी कठड्यावर मांडले. पुढे दरवर्षी झालर येत राहिली आणि मी ती बाहेरच टांगत राहिले… पण खरं सांगते, बैठकीतली भिंत मला रिकामी वाटायची.

माईंच्या तेराव्याला प्रकाशनं माझ्या हातात कागदात गुंडाळलेली यंदाची झालर ठेवली. "तुमचीच हाये काकू. मरायच्या हप्ताभर आधी बांधली." वर अडकवायला त्यांच्या निळ्या लुगड्याची पट्टी होती. व्हिडिओवर तुम्ही ती पाहिली. ईशा, तू म्हणालीस, कुरियर कर. मी चौकशी केली. धान्य तुमच्या देशात येऊ देत नाहीत. मग तूच सुचवलंस, काचेत बसवून ठेव, आम्ही आलो की बघू. मला ते एकदम पटलं. माईंच्या हातचं दुसरं आहे काय माझ्यापाशी?

गोल बाजारातल्या फ्रेमवाल्यानं माप घेतलं. म्हणाला, "माताजी, धान है, कीड़ा लग जाएगा। दवा मार देते हैं, फिर चिड़िया भी नहीं छुएगी।"

तो भला माणूस होता, त्याला काय ठाऊक. मी झालर उचलली आणि ऑटोनं घरी आले.

ती गॅलरीच्या जाळीला टांगली. दोन दिवस एक पाखरू फिरकलं नाही. मी पडद्याआडून बघत बसायची, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तशी. वाटलं, चुकलं आपलं. ना चिमण्यांनी खाल्ली, ना नातवंडांना मिळाली. तिसऱ्या सकाळी एक चिमणी आली, उलटी लटकली, एक दाणा ओढून पळाली. मग पाच. आठवड्यात नुसता पेंढा उरला, निळी पट्टी आणि काड्यांची वेणी.

मी प्रकाशच्या बायकोला फोन केला, पुढच्या वर्षी झालर कोण करणार? ती म्हणाली, "काकू, मले नाही येत. माई करून राहायच्या, मी नुसती पाहत राहायची." पाऱ्यातल्या त्या बायकाही आता राहिलेल्या नाहीत.

तेव्हा ती वेणी मी परातीत पाण्यात भिजवली आणि मऊ झाल्यावर उलगडायला घेतली. एकदा सुटली की माईंची गाठ परत येणार नाही. एकेक काडी सोडायची, वहीत चित्र काढायचं, पुढची सोडायची. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की वेणी उलट्या बाजूनं वळली आहे. माई डावखुऱ्या होत्या… इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता रोज सकाळी चहानंतर अर्धा तास मी परातीत भिजवलेल्या साध्या पेंढ्यावर हात बसवते. पाचव्या पेडापर्यंत आले आहे, सहाव्याला सुटते. मी उजव्या हाताची, पण वळते डावीकडूनच.

काल पाचवा पेड टिकला, तेव्हा मी परातीच्या कडेवर हलकेच थाप मारली.